वाफ बंद करा

फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी सकाळी साडेदहाला टेबलावरचा फोन वाजला, तेव्हा कौमुदी सबनीस नव्या नियमावलीच्या मसुद्यातले अनुक्रमांक तपासत बसली होती. कावासाकीच्या त्या संशोधनसंस्थेत ती रसायनांच्या धोक्यांवर काम करायची. रेल्वेनं धोकादायक माल नेण्याचे सरकारी नियम नव्यानं लिहायला एक समिती नेमली होती, आणि गेल्या वर्षापासून तिचं सचिवपदही कौमुदीच्याच गळ्यात पडलं होतं. जपानमध्ये येऊन तिला बारा वर्षं झाली होती. डॉक्टरेट इथेच केलेली असल्यामुळे भाषेची अडचण नव्हती.

"साबुनिसु-सान आहेत का? मी कामिओरी मालस्थानकावरून होशिना बोलतोय." आवाज वयस्कर होता, आणि थंडीत जबडा आखडल्यासारखा. "मसुद्याच्या शेवटच्या पानावर चौकशीसाठी तुमचा नंबर छापलाय. कामात व्यत्यय आणतोय, माफ करा."

कामिओरी हे जपान समुद्राच्या बाजूचं, डोंगराच्या कुशीतलं एक छोटं स्थानक. तिथे तीन दिवसांपासून बर्फ थांबला नव्हता आणि एक मालगाडी सोमवारपासून अडकून पडली होती, हे तिनं बातम्यांत ऐकलं होतं.

"त्या गाडीत एक टँक कंटेनर आहे, अ‍ॅक्रिलिक आम्लाचा," होशिना-सान म्हणाले. "गोठलाय. विभागीय कार्यालयानं सांगितलं, वितळवून ठेवा, रस्ता मोकळा झाला की लगेच हलवायचाय. म्हणून रुळांचे सांधे मोकळे करायची वाफेची नळी लावलीय. नियमात एवढंच आहे की गोठलेला माल योग्य रीतीनं गरम करावा. पण तुमच्या पहिल्या मसुद्यात मी वाफेबद्दल काहीतरी वाचलं होतं. दुसऱ्यात ते सापडेना."

कौमुदीच्या हातातली पेन्सिल थांबली.

"वाफ किती वेळ चालू आहे?"

"एक तास दहा मिनिटं."

"बंद करा. आत्ता, या क्षणी बंद करा. मी फोन धरते."

पलीकडे पळण्याचा आवाज आला, मग कुणीतरी ओरडलं. ती रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून उभी राहिली.

अ‍ॅक्रिलिक आम्ल तेरा अंशांच्या खाली गोठतं. ते आपलं आपण तापू नये म्हणून त्यात चिमूटभर रोधक घातलेला असतो. गोठताना मात्र स्फटिक शुद्ध आम्लाचे होतात आणि रोधक बाजूला पडतो. मग कुणी घाईघाईनं वितळवायला गेलं, की टाकीत कुठेतरी बिनरोधकाचं आम्ल साठतं आणि स्वतःच्याच उष्णतेनं तापत सुटतं. एकदा ते सुटलं की टाकी फुटेपर्यंत थांबत नाही. म्हणून ते कोमट पाण्यानं, अगदी सावकाश वितळवायचं असतं. वाफ तर कधीच लावायची नसते. पहिल्या मसुद्यात कौमुदीनं हेच कलम घातलं होतं आणि नोव्हेंबरच्या बैठकीत ते तिनं स्वतःच्या हातानं काढलं होतं.

काढायला सांगितलं होतं उल्हास रेग्यांनी. रेगे एका मोठ्या व्यापारी कंपनीत रसायनांची वाहतूक बघायचे. मुंबईहून येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती आणि माल पाठवणाऱ्यांच्या वतीनं ते समितीवर होते. बैठकीच्या आधी कॉरिडॉरमध्ये तिला बाजूला घेऊन ते म्हणाले होते, "कौमुदी, हे वितळवण्याचं कलम आत्ता नको. प्रत्येक स्थानकावर कोमट पाण्याची सोय कुठून आणायची? पुढच्या वर्षी बघू. माझं एवढं ऐक." आणि तिनं ऐकलं. मुलीच्या, अपूर्वाच्या, जन्माच्या वेळी कौमुदीची आई इथे येऊ शकली नव्हती. तेव्हा रेग्यांच्या पत्नी सुरेखाकाकू पंधरा दिवस कौमुदीच्या घरी राहिल्या होत्या, बाळंतिणीचं सगळं त्यांनी केलं होतं. त्या घराला नाही कसं म्हणायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही.

"बंद केली," होशिना-सान धापा टाकत परत आले. "टाकीवरचा काटा एकतीसवर आहे."

"वाफ लावली तेव्हा किती होता?"

"बारा."

"आता टाकीजवळ कुणालाही जाऊ देऊ नका. काटा लांबून वाचता येईल?"

"दुर्बीण आहे."

"दर पाच मिनिटांनी वाचा. वाफ बंद झाल्यावर तो खाली यायला हवा. वर गेला तर..." तिनं वाक्य अर्धवट सोडलं. "आसपास माणसं किती आहेत?"

"आम्ही सात जण. आणि पलीकडच्या फलाटावर रात्रीपासून अडकलेली प्रवासी गाडी आहे. त्रेचाळीस प्रवासी, बहुतेक म्हातारी माणसं. डबा गरम आहे म्हणून त्यांना तिथेच बसवलंय."

फलाट आणि टाकी यांच्यात अंतर होतं साठ मीटरचं.

फोन टेबलावर तसाच ठेवून कौमुदी विभागप्रमुख शिनोहारा-सानांच्या खोलीत गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"परिस्थिती गंभीर आहे," ते म्हणाले. "पण आपण संशोधनसंस्था आहोत. गाडी रिकामी करा, असं सांगण्याचा अधिकार रेल्वेचा आणि अग्निशमन दलाचा. मालाबद्दल बोलायचा अधिकार ज्याचा माल त्याचा. आपण बोललो आणि काहीच झालं नाही, तर उद्या समितीवर कोण विश्वास ठेवेल?"

"आणि नाही बोललो आणि झालं तर?"

ती परत आली तेव्हा रिसीव्हरमधून होशिना-सान तिला हाका मारत होते.

"तेहेतीस झालाय. अग्निशमन दलाला कळवलंय, पण खालच्या घाटात हिमकडा कोसळलाय. त्यांना दोन तास तरी लागतील."

वाफ बंद होऊन दहा मिनिटं झाली होती, आणि काटा वर चालला होता.

तिनं दुसऱ्या हातानं मोबाइलवर रेग्यांचा नंबर लावला. माल त्यांच्याच कंपनीचा होता, ते होशिना-सानांनी वाचून दाखवलेल्या कंटेनरच्या क्रमांकावरून तिला कळलं होतं.

"काका, कामिओरीतली टाकी तुमची आहे. वाफेनं वितळवलीय आणि आता आपोआप तापतेय. मला लोडिंग टेम्परेचर हवंय."

"वाफेनं? कुणी सांगितलं त्यांना?"

"कुणीच नाही सांगितलं, म्हणूनच लावली. काका, भरताना टेम्परेचर किती होतं?"

रेग्यांचा आवाज बारीक झाला. "सोळा."

"नियमाप्रमाणे वीसच्या वर हवं ना?"

"प्लँटचा हीटर बिघडला होता गं. दोन दिवसांचा तर प्रवास, पोचेल म्हटलं. बर्फाचा अंदाज होता, पण इतका..." ते थांबले. "म्हणजे मध्यापर्यंत गोठलं असणार. कौमुदी, हे माझ्याकडून कळलं असं कुठे बोलू नकोस. प्लीज."

"तुम्ही रेल्वेला फोन करून प्रवासी हलवायला सांगा. तुमचा माल आहे, तुमचं ऐकतील."

"मला तोक्योच्या ऑफिसला विचारावं लागेल. अर्धा तास दे."

"अर्धा तास नाहीये, काका."

तिनं मोबाइल खाली ठेवला. दारात शिनोहारा-सान येऊन उभे राहिले होते. त्यांना मराठी कळत नव्हती, पण तिचा चेहरा वाचता येत होता. होशिना-सान म्हणाले, "छत्तीस. साबुनिसु-सान, आमचे स्थानकप्रमुख म्हणतात की तज्ज्ञाचा लेखी कागद मिळाला तर ते लगेच प्रवाशांना हलवतील. टेकडीमागे शाळा आहे. पण नुसत्या फोनवर कसं करायचं, असं विचारतायत. फॅक्स पाठवाल का?"

कौमुदीनं खणातून संस्थेच्या नावाचा कागद काढला.

"तो नको," शिनोहारा-सान हळूच म्हणाले.

तिनं तो परत ठेवला आणि प्रिंटरमधला कोरा कागद ओढला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: टाकीतलं रसायन आपोआप तापत आहे. ती फुटण्याचा धोका आहे. आठशे मीटरच्या आतल्या सर्वांना ताबडतोब हलवा. टाकीवर वाफ लावू नका, बर्फही टाकू नका. खाली नाव, पदवी, वेळ. संस्थेचा शिक्का तिनं मारला नाही. कागद तिनं फॅक्सच्या यंत्रात सरकवला. शिनोहारा-सान बाजूला उभे होते, पण त्यांनी तिला अडवलं नाही.

पुढची वीस मिनिटं तिला फक्त आवाज ऐकू येत होते. आधी भोंगा वाजला, मग स्थानकप्रमुखाच्या सूचना, मग बर्फात रुतणाऱ्या पावलांचा करकर आवाज. एक म्हातारी चालायला तयार नव्हती. तिला मालाच्या स्लेजवर बसवून नेलं, असं होशिना-सानांनी मध्येच सांगितलं.

"तुम्ही का थांबलाय?" तिनं विचारलं.

"काटा कोण वाचणार? मी बोगद्याच्या तोंडाशी आलोय. इथून दिसतो. एक्केचाळीस."

कौमुदीनं डोळे मिटून घेतले. टाकीच्या पोटात गोठलेलं आम्ल अजून थोडं शिल्लक असेल, तर तेच उष्णता पीत राहील. नसेल, तर पन्नासनंतर काहीच हातात राहणार नव्हतं. टाकी बाहेरून गार करायला हवी होती, पण बर्फ टाकला तर कडेचं आम्ल पुन्हा गोठणार, पुन्हा रोधक वेगळा पडणार. हवं होतं पाणी, तेरा-चौदा अंशांचं, भरपूर आणि सतत. तीन दिवस गोठलेल्या डोंगरात ते कुठून यायचं?

तिनं हे सगळं मोठ्यानं बोलून दाखवलं, सांगण्यासाठी म्हणून नव्हे, विचार करता करता.

"तेरा अंश?" होशिना-सान म्हणाले. "आमच्या फवाऱ्याचं पाणी तेवढंच असतं."

"कुठला फवारा?"

"रुळांवरचा बर्फ वितळवायचा. जमिनीखालचं पाणी उपसतो. उन्हाळा असो की हिवाळा, तेरा-चौदाच. टाकीच्या खालून नळ गेलाय, तोंडं वर वळवायची असतात. वर मालगाडी उभी आहे म्हणून आम्ही ती बंद ठेवलीत."

"ती फिरवायला टाकीजवळ जावं लागेल?"

"दोन मिनिटांचं काम आहे."

"होशिना-सान, मी तुम्हाला जा असं सांगू शकत नाही."

"तुम्ही कुठे सांगताय?" ते म्हणाले, आणि फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला.

दोन मिनिटांची चार झाली. शिनोहारा-सान घड्याळाकडे बघत होते. पाचव्या मिनिटाला पाण्याचा फसफसता आवाज ऐकू आला आणि त्याच्यामागून खोकत खोकत होशिना-सान.

"चालू झालं. सगळी टाकी भिजतेय." थोडा वेळ गेला. "चव्वेचाळीस."

मग पुन्हा चव्वेचाळीस. पुन्हा चव्वेचाळीस. अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी त्रेचाळीस झाला, आणि शिनोहारा-सान पहिल्यांदाच खुर्चीत बसले. रेग्यांच्या कंपनीचा अधिकृत निरोप रेल्वेला मिळाला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. त्यात प्रवाशांना हलवण्याचा विचार करावा असं सुचवलं होतं.

फवारे दोन दिवस चालू ठेवले. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसांनी जादा रोधक घालून टाकी रिकामी केली. तळाशी रबरासारखा कडक झालेला दोन वीत जाडीचा थर निघाला. माणूस एकही दगावला नाही. होशिना-सानांच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र गारठून गेली, आणि त्यांतल्या एकाचं शेवटचं पेर डॉक्टरांना काढावं लागलं.

मार्चच्या बैठकीत कौमुदीनं कलम पुन्हा मांडलं. शिनोहारा-सान या वेळी तिच्या शेजारी बसले होते. वाद फार झाला नाही. कामिओरीची बातमी सगळ्यांनी वाचली होती. फक्त वाहतूकदारांच्या एका प्रतिनिधीनं एक शब्द सुचवला. "वाफ वापरू नये" ऐवजी "शक्यतो वाफ वापरू नये". प्रसंगी लवचिकता हवी, असं त्याचं म्हणणं होतं. दोघातिघांनी माना डोलावल्या.

कौमुदी बोलायला उठणार, एवढ्यात टेबलाच्या पलीकडून उल्हास रेगे उभे राहिले. त्यांच्या हातात एक पिवळसर चिठ्ठी होती.

"ही त्या टाकीची लोडिंग स्लिप," ते जपानीत म्हणाले. "भरताना सोळा अंश. हीटर बिघडलेला होता, ते मला माहीत होतं. शक्यतो चालेल, असं मला वाटलं होतं. आमचा सगळा धंदा त्या एका शब्दावर चालतो. तो इथे घालू नका."

कलम त्या शब्दाशिवाय मंजूर झालं. भरतानाच्या तापमानाची नोंद गाडीबरोबर पाठवावी, असं एक पोटकलमही त्याच दिवशी जोडलं गेलं.

बैठकीनंतर दोघं स्टेशनपर्यंत बरोबर चालत गेले. रेग्यांनी सांगितलं, कंपनीनं चौकशी लावली आहे, एप्रिलअखेर मुंबईला परत जायचंय. सुरेखानं सामान बांधायला घेतलंय.

"माझ्यामुळे..." कौमुदीनं सुरुवात केली.

"तुझ्यामुळे काही नाही. मला एक सांग." ते स्टेशनच्या तिकीट-फाटकापाशी थांबले. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. "नोव्हेंबरमध्ये मी कलम काढ म्हटलं. तुला तर सगळं माहीत होतं, माझ्यापेक्षा जास्त. तू का नाही भांडलीस माझ्याशी?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून, काका."

रेग्यांनी मान हलवली. खिशातून कार्ड काढून त्यांनी फाटकावर टेकवलं आणि गर्दीत मिसळून गेले. कौमुदीला उलट्या दिशेची गाडी पकडायची होती. अपूर्वाला शाळेतून घ्यायला पाचच्या आत पोचायचं होतं, आणि पाच वाजायला फक्त वीस मिनिटं उरली होती.