रुसव्याचं ताट

तिझमार देशात भांडणाला बंदी नाही. उपाशी भांडायला मात्र आहे. दोन माणसांत वितुष्ट आलं की बोलणं बंद व्हायचं आणि त्याच दिवसापासून रुसव्याचं ताट सुरू व्हायचं. दुपारी आपल्या हातचा सगळ्यात चांगला पदार्थ करायचा आणि तो शत्रूच्या घरी पोचवायचा. बेचव काही पाठवलं, तर गल्लीत नाक कापलं जातं. जो आधी बोलेल तो हरला. त्यानं जिंकणाऱ्याच्या कपाळाचं चुंबन घ्यायचं आणि विषय तिथं संपवायचा.

यमना आणि इत्तो या शेजारणींचं ताट सुरू झालं ते गाढवावरून. इत्तोचं गाढव यमनाच्या पुदिन्याच्या वाफ्यात शिरलं, लोळलं, आणि वर ओरडलंही. यमना स्वभावाने मवाळ, पण त्या दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं, "जशी मालकीण, तसं गाढव." इत्तोनं ऐकलं. झालं! त्या दिवसापासून दोन अंगणांमधल्या भिंतीवर रोज दुपारी एक ताट इकडून जाई, एक तिकडून येई.

इत्तो एकटी राही, यमनाच्या घरात ती आणि तिची लेक नुंजा. एवढं जेवण त्यांना कुठलं सरायला? मग गल्ली जेवायची. जर्दाळू घालून शिजवलेलं बोकडाचं मटण, खारवलेल्या लिंबाची कोंबडी, लोण्यात परतलेला गव्हाच्या कण्यांचा कुसकुस. गल्लीतले वडीलधारे बा हद्दू दोन्ही घरी बसायचे आणि दोन्हीकडे सांगायचे, "तुझंच खरं आहे, पोरी. माघार घेऊ नकोस. अजून थोडं वाढ."

पण आता नुंजाचं लग्न येत्या गुरुवारी होतं, आणि ज्या गल्लीत रुसव्याचं ताट फिरतं तिथे वरात येत नाही, ढोल वाजत नाही. मुहूर्त चुकला की खिंडीत बर्फ पडणार आणि डोंगरापलीकडचं नवऱ्याकडचं माणूस वसंतापर्यंत इकडं फिरकणार नाही.

"आई, एक शब्द बोल ना तिच्याशी," नुंजा म्हणाली. "नुसतं 'काय गं' म्हण."

"उद्या म्हणते."

"तुझा उद्या उजाडेल तेव्हा आपल्या चौकात जहाज लागलेलं असेल!"

तिझमारमध्ये समुद्र कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे न होणाऱ्या सगळ्या गोष्टी जहाजाच्याच हवाली.

यमनाला बोलायचं नव्हतं असं नाही. सकाळच्या प्रार्थनेला बसली की तिचं मन विरघळायचं. आज बोलेनच, असं देवाला सांगून ती उठायची. मग दुपारी भिंतीवर ताट यायचं. झाकण उघडलं की वाफेबरोबर इत्तोचा दिमाख बाहेर पडायचा, आणि यमना ओठ घट्ट मिटून घ्यायची. आणखी एक गोष्ट होती, ती तिनं देवालाही सांगितली नव्हती. आपण बोललो तर उद्यापासून हे ताट बंद.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आईनं पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत कडक उपास करायचा, पाण्याचा थेंबही नाही. यमनानं तोही मनोभावे धरला. नवरीला त्या दिवशी चुलीजवळ जाऊ देत नाहीत, चुलीवरचं चाखूही देत नाहीत. मसूर आणि मटणाचं दाट कालवण रटरटत होतं. मीठ घातलं. ढवळताना लेकीच्या पाठवणीचा विचार आला, डोळे भरले. डोळे पुसले, मीठ घातलं. मग वाटलं, घातलं का आपण? चाखून बघावं तर उपास. इतक्या वर्षांच्या उपासांत तिनं कधी चाखलं नव्हतं, आणि मीठ कधी चुकलंही नव्हतं. ती नुसती भिंतीजवळ जाऊन हाक मारायची आणि इत्तो पळी घेऊन यायची.

यमनानं भिंतीकडे पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं. आणि आणखी एक चिमूट टाकून ताट भिंतीवर ठेवून आली.

थोड्याच वेळात फाटक धाडकन उघडलं. इत्तो आत आली, पायात वहाण नाही, डोक्यावरचा रुमाल मानेवर घसरलेला.

"यमने! अगं ए यमने! काय होतंय तुला? ताप आलाय? नुंजा, आईला धर, तिचं डोकं फिरलंय!"

यमना चुलीपाशी उभी राहिली. "मला? मला कुठं काय?"

"मग हे काय पाठवलंस? अगं, माझ्या गाढवानंसुद्धा तोंड फिरवलं! मला वाटलं तू मरायला टेकलीस!"

भिंतीपलीकडून बा हद्दूंचं डोकं वर आलं. "बोलली! इत्तो बोलली! इत्तो हरली!"

इत्तोनं तोंडावर हात ठेवला. मग बोटांच्या फटीतून म्हणाली, "मी बोलले नाही. ओरडले."

"ओरडणं बोलण्यातच धरतात," बा हद्दू म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला होता. लग्न उरकलं की दुपारी घरचीच जवाची भाकरी.

"मुद्दाम केलंस तू," इत्तो यमनाला म्हणाली. "मला बोलायला लावायला. कावेबाज!"

"देवाशपथ नाही गं. उपास आहे माझा." यमना म्हणाली. "चाखायला तू नव्हतीस."

इत्तो पुढे आली. टाचा उंचावून तिनं यमनाच्या कपाळाचं चुंबन घेतलं, चांगलं मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं. नुंजा अंगणातून रस्त्यावर धावली आणि ढोलवाल्याच्या नावानं हाका मारू लागली.

"सर बाजूला," इत्तो बाह्या सरसावत म्हणाली. "पळी दे. पाणी ओत. अजून. उद्या वरात दारात येणार आणि घरात हे समुद्राचं पाणी शिजवून ठेवलंय! मसूर काढ आणखी."

"मसूर नको, घट्ट होईल."

"होऊ दे घट्ट."

"इत्तो, मी सांगते ना, नको."

"कोण चाखतंय? तू की मी?"

बा हद्दूंनी आशेनं भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली. "मी काय म्हणतो पोरींनो, भांडायचंच असेल तर लग्न होऊन जाऊ दे. मग सावकाश भांडा."

"बा, तुम्ही आत या," यमना म्हणाली, "आणि कांदे चिरा."