लोटन गाडीत नव्हता

धुळ्याच्या कोर्टात बन्सीलाल वकिलांइतका कायदा कमी वाचलेला आणि दावे जास्त जिंकलेला माणूस मी पाहिला नाही. मीही तिथलाच वकील, तेव्हा यात थोडी पोटदुखी आहे असं समजा. त्यांचं हत्यार एकच, तारीख. आज साक्षीदार आजारी, पुढच्या वेळी नकाशा सापडत नाही, त्यानंतर खुद्द वकिलांचीच दाढ दुखते. खेटे घालून समोरचा मेटाकुटीला आला की मुकाट तडजोडीला यायचा.

सोनगीरकडच्या जीवरामचा दावा त्यांनी असाच सहा वर्षं भिजत ठेवला होता. जीवरामच्या मळ्यातल्या विहिरीवर चुलतभाऊ लोटनने निम्म्या पाण्याचा दावा लावलेला. कागद पाहिले तर लोटन खरा होता. पण पाणी जीवराम ओढत होता आणि लोटनचा कांदा दर साल उभ्याउभ्या वाळत होता.

दोघांचं गाव एक, त्यामुळे कोर्टाच्या दिवशी सकाळची एसटीही एकच. जीवराम आला की बन्सीलाल आधी विचारायचे, "गाडीत लोटन कसा दिसला?" खंगलेला दिसला म्हटलं की त्यांना चहा गोड लागायचा.

सत्त्याऐंशीच्या एप्रिलमध्ये जीवराम आला तो घामाघूम. मी शेजारीच बसलो होतो.

"साहेब, लोटन आज गाडीमा नही व्हता. मनी बायको बेबा मळामा एकली शे. माले घर जाऊ द्या."

बन्सीलाल खूश झाले. "अरे, थकला तो. तू हजर दिसलास तर आजच दावा निकालात निघेल. बस इथं."

"सहा वरीसमा त्यानी एक तारीख चुकाडी नही, साहेब."

"म्हणूनच म्हणतो, बस."

जीवराम बसला. वकिलाचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. त्याला जाऊ द्या म्हणावंसं मला वाटलं, पण दुसऱ्याच्या पक्षकाराच्या कामात आपण तोंड घालत नाही. पट्टेवाल्याने लोटनच्या नावाचा पुकारा केला. लोटनच्या वकिलाने तारीख मागितली आणि जन्मात पहिल्यांदा बन्सीलालांनी तारखेला विरोध केला. लोटन हजर नाही म्हणून दावा काढून टाकला गेला.

आम्ही व्हरांड्यात आलो तेव्हा लोटन बाकावर बसला होता. दुपारच्या गाडीने आला असावा. धोतर कमरेपर्यंत ओलं होतं.

जीवराम जागीच थांबला. "बेबा कोठे शे?"

"बेबावहिनीले मी उठ म्हने. ती विहीरवरथून उठनी नही," लोटन शांतपणे म्हणाला. "तिले विहीरमाच टाकी उनू."

जीवराम स्टँडच्या दिशेने धावत सुटला, एक वहाण पायरीवरच राहिली. लोटनने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो बन्सीलालांसमोर हात जोडून उभा राहिला.

"पोलिससकडे मंग जासू, साहेब. पहिले तुम्हनाकडे उनू. मनी केस तुम्हीच ल्या. तुम्ही तारखा लेतस ना, तश्या माले पाहिजेत. मी मरस तोपावत."

बन्सीलालांचा चेहरा पांढरा पडला होता. तरी त्यांचा हात सवयीने कोटाच्या खिशातल्या पेनाकडे गेला, आणि मला लोटनपेक्षा त्यांची जास्त भीती वाटली.