दुसऱ्याने वाचल्याशिवाय

मास्तरिणीने पहिल्याच वाक्यावर लाल खूण केली.

“‘सगळं नीट होईल’ काढून टाक. आपण काय ज्योतिषी आहोत?”

“अगं बाई, आधी पत्र तरी वाच,” समोरच्या संगणकामागून आजोबा म्हणाला.

दोघंही कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तो सल्ले देत सुटायचा म्हणून आजोबा, ती प्रत्येकाचं वाक्य तपासायची म्हणून मास्तरीण. कॉलेजच्या ‘मनमोकळं’ या पानावर मुलं नाव न लावता पत्रं टाकत. उत्तर एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचल्याशिवाय ते पाठवायचं नाही, हा नियम तिनेच घालून दिला होता.

तिने पत्र उघडलं.

‘गणितात दुसऱ्यांदा नापास झाले. उद्या अकराला फेरपरीक्षा आहे. मी जाणार नाही. माझ्यासारख्या मठ्ठ मुलीने जागा कशाला अडवायची?’

काल स्वतःचं हे पत्र टाकताना, आज सकाळच्या पाळीला आपण दोघंच आहोत, एवढंच ती विसरली होती. घड्याळात साडेदहा झाले होते.

तिने पत्र झाकलं आणि त्याचं उत्तर पुढे वाचलं. “‘तू खूप हुशार आहेस’? हे तुला काय माहीत?”

“मग तूच सांग, काय लिहू? रोज लिहितेस की.”

तिने कळफलक पुढे ओढला. दुसऱ्या कुणाला ‘मठ्ठ’ म्हटलेलं या पानावर दिसलं, की ती ते तत्क्षणी काढून टाकत असे. गेल्या महिन्यात त्यावरून एका मुलाशी तिचं कडाक्याचं भांडणही झालं होतं.

तिने हळूहळू टाइप केलं. ‘मठ्ठ हा शब्द इथे चालत नाही. स्वतःसाठीही नाही. दोनदा पेपर अवघड गेला, एवढंच खरं आहे. जेवढं येतं तेवढं लिहून ये. बाकीचं आल्यावर बघू.’

आजोबाने ते वाचलं. एकही खूण केली नाही.

“पाठव.”

उत्तर गेलं. आजोबाने तिच्या वाटणीची उरलेली चार पत्रं स्वतःच्या यादीत ओढून घेतली.

“ही मी बघतो,” तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. “लिफ्ट बंद आहे. परीक्षेच्या वर्गापर्यंत तीन मजले चढायचेत, आत्ताच निघ.”

तिने खुर्ची मागे सारली.

“पेन दे,” ती म्हणाली. “दोन दे.”