आतून कोरा राहिलेला जोड

मी एक जुना बुटांचा जोड आहे. वयाने जुना, आतून मात्र कोरा करकरीत. बुटांच्या जातीत याला भाग्य म्हणतात. म्हणोत बापडे! मला विचाराल तर ही शरमेची गोष्ट आहे, आणि का ते आज सांगूनच टाकतो.

मित्रांनो, मी चालायचे बूट नव्हे. माझे दोन्ही बूट एका आडव्या लोखंडी पट्टीवर बसवलेत, टोकं बाहेरच्या बाजूला वळवून. काही बाळं आत मुडपलेला पाय घेऊनच जन्माला येतात. दवाखान्यात दर आठवड्याला नवं प्लास्टर घालून तो पाय हळूहळू सरळ करतात. पण वाढत्या वयातले स्नायू भारी हट्टी. मोकळे सोडले की पायाला पुन्हा आत ओढतात. त्याला अडवून धरायचं काम आमचं. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, आणि पुढे चार-पाच वर्षं झोपेच्या वेळी.

माझ्या आधीचा लहान जोड त्या तीन महिन्यांत वापरून वापरून मऊ पडला होता. ज्या चिमुरडीसाठी आम्ही बनलो, तिच्या आईने एक दिवस चुकवला नाही. मग दवाखान्याच्या मागच्या खोलीत कारागिराने मला बनवलं. आत मऊ कातडं लावलं, पट्टे शिवले, आणि मला आईबाबांच्या हातात देताना म्हणाला, "दोन-चार दिवस रडेल पोरगी. तुम्ही विरघळू नका म्हणजे झालं."

विरघळायला कितीसा वेळ लागतो? आई कामावर रुजू झाली, तिची पाळी संध्याकाळची. लेकीला झोपवायचं काम बाबांकडे आलं. घरात तिला सगळे ठमाकाकू म्हणायचे. बाबांचं चपला-बुटांचं दुकान होतं. नुसत्या नजरेने पायाचं माप सांगणारा माणूस! पण ठमाकाकूने भोकाड पसरलं की त्यांचं पाणी पाणी व्हायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा पट्टा सोडला.

कामावरून परतलेली आई म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय."

"डॉक्टर सांगणारच. पाय बघ की, कसा सरळ आहे! वीस वर्षं पायच बघतोय मी. मला कुणी शिकवायला नको."

आई दमलेली होती. तिने पाय पाहिला. तो खरंच सरळ होता. ती झोपायला गेली आणि मी कपाटावर गेलो.

तपासणीची तारीख आली तेव्हा बाबांनी मला खाली काढलं. मला वाटलं, सुटलो बुवा! कसलं काय. त्यांनी कातडं टोचायची आरी घेतली, माझ्या पट्ट्यांची भोकं रुंद केली, वरचं कातडं मुडपून मुडपून सुरकुत्या पाडल्या. हात कसबी होता, खोटं कशाला बोलावं? दवाखान्यात कारागिराने माझ्याकडे पाहिलं. "शाबास! इतका वापरलेला जोड क्वचित बघायला मिळतो." माझ्या जन्मातलं हे एकमेव कौतुक, तेही लबाडीचं. तोंड असतं तर तिथेच बोंब ठोकली असती.

पुढच्या तारखा बाबांनी चुकवल्याच. ठमाकाकू चालू लागली, तसे तिच्यासाठी दुकानातले लाल सँडल आले. सगळे म्हणायचे, काय गोड दिसतात! मी वरून बघायचो आणि जळायचो.

ती अडीच वर्षांची असताना बाबा एकदा ते सँडल पुसायला बसले. झिजलेला तळ बघून माणूस कसा चालतो ते बाबा अचूक सांगायचे, गिऱ्हाइकं थक्क व्हायची. उजव्या सँडलची बाहेरची कड तिरकी झिजली होती. त्यांनी तो टेबलावर ठेवला. तो कलंडला.

"ठमाकाकू, चाल बघू जरा. इकडे ये."

ती हसत हसत आली. पाय आत वळवून आली. बाबांनी तो पाय हातात घेऊन पाहिला.

मग पुन्हा दवाखाना, पुन्हा प्लास्टर. यावेळी तिला सगळं कळत होतं, आणि उन्हाळाभर ती खिडकीत बसून राहिली. प्लास्टर निघालं तरी पाय पुरता सरळ झाला नाही. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे.

पुन्हा दवाखान्यात गेलो त्या दिवशी कारागिराने माझ्या टाचेत अंगठा घालून पाहिला. आत पायाचा ठसाच नव्हता. तो आवाज न चढवता बाबांना म्हणाला, "आरीचा हात चांगला आहे तुमचा." बाबांनी मला उचलून पिशवीत टाकलं.

आता मी दुकानात खिळ्याला टांगलेला असतो. ठमाकाकू चार वर्षांची व्हायला आली. नवा मोठा जोड ती झोपताना स्वतःच्या हाताने चढवते. काल तिने माझ्यात हात घातला.

"बाबा, हे एवढुसे कुणाचे?"

"तुझेच."

"मग आत नवे कसे?"

"तू रडायचीस. म्हणून मी घातलेच नाहीत."

ती म्हणाली, "मग रडू द्यायचं ना, बाबा."

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असं सगळे तुम्हाला सांगतात. माझं मागणं उलटं आहे. तुमच्या घरात असा जोड असेल, तुमचा किंवा धाकट्या भावंडाचा, तर त्याला जपू नका. झिजवा त्याला. पार फाटेपर्यंत वापरा. मी कोरा राहिलो, आणि त्याची शिक्षा ठमाकाकू भोगते आहे.