नववा बार

"आठच," भोंगेकाका म्हणाले आणि त्यांनी मुकादमाच्या नाकासमोर आठ बोटं धरली.

सुरुंगांचा धूर अजून खाणीच्या तळाशी रेंगाळत होता. सकाळी खडकात नऊ भोकं पाडून त्यांत दारू भरली होती. भोंगेकाकांनी भोंगा वाजवून माणसं लांब पाठवली, लाल झेंडा धरला आणि नेहमीप्रमाणे चपला काढून, खडकावर उभं राहून बार मोजले. त्यांचे कान कधीच कामातून गेले होते. इतकी वर्षं सुरुंगांच्या शेजारी काढल्यावर दुसरं काय होणार? म्हणून ते तळपायांनी मोजायचे, आणि अख्खी खाण त्यांची टिंगल करायची.

"नऊ झाले की. दोन एकदम उडाले असतील," मुकादम म्हणाला. "काका, काकू हाका मारून दमतात ते तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आठ-नऊतला फरक बरा कळतो!"

सगळे हसले. काकाही थोडे हसले, न हसून करतात काय? 'दोन एकदम उडाले' हे खाणीतलं लाडकं वाक्य होतं. एवढं म्हटलं की काम सुरू. नाहीतर न उडालेला सुरुंग सापडेपर्यंत ढिगारा हाताने उपसत बसायचं, आणि ट्रकांची रांग लागायची. बरं, कधीकधी दोन बार खरोखरच एकदम उडायचेही. गेल्या खेपेला काकांनी असाच हट्ट धरला, सगळ्यांनी अर्धा दिवस दगड उपसले आणि हाती आली धूळ. तेव्हापासून त्यांच्या शब्दाला कोणी कवडीची किंमत देत नव्हतं.

खरं तर काकांनाही खात्री नव्हती. हल्ली पायांना मुंग्या यायच्या. पण ड्रिल चालवणारा होता त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा, आणि त्याला त्याच खडकात नवी भोकं पाडायची होती. ते धापा टाकत त्याच्या मागे गेले.

"दाजी, आजचा दिवस थांबा. एक बार राहिलाय असं वाटतंय."

"वाटतंय, की राहिलाय?" दाजींनी त्यांच्या कानाशी येऊन विचारलं.

'राहिलाय' म्हणायला काय जात होतं? पण मुकादम कमरेवर हात ठेवून बघत होता, आणि पुन्हा नुसती धूळ निघाली असती तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"वाटतंय," काका म्हणाले.

दाजी हसले. संध्याकाळी घरी या, बहिणीला सांगा, ती थांबवेल मला, म्हणाले. काकांनी त्यांची बाही धरली. वडीलधाऱ्या माणसाला झिडकारायचं कसं, म्हणून दाजींनी ती हळूच सोडवून घेतली आणि ते ड्रिल घेऊन खडकावर चढले.

नववा बार सगळ्यांना ऐकू आला. काकांनासुद्धा.

दाजी जगले, पण डोळे गेले. मुकादम दवाखान्यात येऊन खाटेशी बसला. दोन एकदम उडाले असं सगळ्यांनाच वाटलं होतं, नशिबापुढे कोणाचं चालतं, असं म्हणाला. जाताना काकांना खुणेनेच सांगून गेला, उद्या भोंग्याला या.

बहिणीने काकांच्या कानाशी तोंड नेलं.

"दादा, तुला कळलं होतं ना?"

"वाटलं होतं."

"मग ओढून का नाही आणलंस त्यांना?"

आठ मोजले ते बरोबर होते, पण त्या बरोबर असण्याचं आता करायचं काय? आपण चुकलो असतो तर किती बरं झालं असतं, एवढंच काकांच्या मनात येत होतं.

बहिणीने डोळे पुसले, स्टूल पुढे ओढलं आणि ती वाटीतला मऊ भात कालवू लागली. चमचा वाजला तसं दाजींनी पट्ट्यांखाली तोंड उघडलं. भात अजून गरम होता, ती फुंकर घालत होती. ते तसेच तोंड उघडून थांबले.