मधलं नाव डॅलगार्न

गेडिस घराण्यात कुणाचंही पहिलं मूल जन्मलं की नावासाठी फार डोकं खाजवावं लागत नसे. पहिलं नाव हवं ते ठेवा, शेवटी गेडिस आहेच, पण मध्ये डॅलगार्न पाहिजे म्हणजे पाहिजे. आजोबा अलिक डॅलगार्न गेडिस, बाबा जेम्स डॅलगार्न गेडिस आणि पंधरा वर्षांची मोराग डॅलगार्न गेडिस. कारण काय, तर उत्तरेच्या बर्फात जहाज घालणारा कॅप्टन डॅलगार्न म्हणे त्यांचा पूर्वज! शेजारच्या बंदरावर त्याचा दगडी पुतळा होता आणि आजोबा त्याच्यासमोरून जाताना न चुकता टोपी काढत.

"नाक बघ, नाक," ते म्हणत. "आपलंच आहे."

मोरागला त्या नाकावर कायम एक सीगल बसलेला दिसे. पण विश्वास तिचाही होता. यंदा शाळेच्या होडीच्या शर्यतीसाठी सगळ्या वर्गासमोर हात वर करताना ती मनात म्हणाली होती, आपल्या रक्तात बर्फ आहे, आपण कशाला घाबरायचं?

मोडता घातला तो शीना आत्याने. आत्याला आठवा महिना सरत आला होता. लग्न झालेलं नव्हतं, आणि बाळाचा बाप कोण हे ती सांगत नव्हती. रोज संध्याकाळी किटली वाजली की आजोबा विचारत, "मग? कोण आहे तो?" आणि रोज आत्या म्हणे, "साखर द्या इकडे."

त्या दिवशी आजोबा म्हणाले, "बरं, नको सांगूस. मधलं नाव तरी डॅलगार्न ठेव. बाप नाही तर नाही, पूर्वज तरी असू दे लेकराला."

"पक्षी ज्याच्या डोक्यावर घाण करतात त्या म्हाताऱ्याचं नाव? बाबा, तो आपला कोण लागतो त्याचा कागद दाखवा. लगेच ठेवते."

"कागद कशाला? माझे आजोबा सांगायचे!"

"तुमचे आजोबा तर असंही सांगायचे की त्यांनी देवमाशाला काठीने हाकललं."

आजोबांचा चेहरा इतका पडला की मोराग ताडकन उभी राहिली. "मी आणते कागद! शनिवारी!"

शनिवारी सकाळच्या बसने ती जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात गेली. तिथल्या पिरीबाईंनी तिला जुन्या नोंदी उघडून दिल्या आणि मोराग सुसाट मागे मागे निघाली. आजोबा, त्यांचे वडील, त्यांचे वडील. डॅलगार्न, डॅलगार्न, डॅलगार्न! १८११ साली गाडी थांबली. बाळ रॉबर्ट डॅलगार्न गेडिस. आई इझोबेल गेडिस. बापाच्या जागी कोरा कागद.

"लपवलंय!" मोराग एवढ्या मोठ्याने म्हणाली की पलीकडच्या टेबलावरच्या गृहस्थांनी चष्मा काढला. "कॅप्टनचा मुलगा असणार, म्हणून लपवलंय!"

"अगं, दमाने घे," पिरीबाई म्हणाल्या. "बाप लिहिलेला नसला की त्या बाईची हकिकत दुसऱ्या वहीत असते." आणि त्यांनी चर्चच्या पंचांच्या सभेची वही काढून दिली.

अक्षर म्हणजे शाईत बुडून पळालेल्या मुंग्या. मोराग बोट ठेवून ठेवून वाचत गेली. इझोबेल गेडिस, शेतावरची मोलकरीण, हिला बाळाचा बाप विचारला. सांगत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावून विचारला. सांगत नाही. तिसऱ्यांदा विचारला. सांगत नाही. शिक्षा म्हणून तीन रविवार सगळ्यांसमोर स्टुलावर बसावं. बाप्तिस्म्याला मूल घेऊन उभा राहायला बाप नाही, म्हणून चार महिने मूल बिननावाचं. मग खाली वेगळ्या शाईत लिहिलं होतं : नवे पाद्री मिस्टर डॅलगार्न यांनी मूल स्वतः हातात घेतलं. त्यांचा इथला पहिला बाप्तिस्मा. रिवाजाप्रमाणे मुलाला त्यांचं नाव.

"कसला रिवाज?"

"या किनाऱ्यावरचा," पिरीबाई म्हणाल्या. "नवा पाद्री पहिल्यांदा ज्या बाळाला पाणी लावतो, त्या बाळाला पाद्र्याचं नाव. इथल्या कितीतरी घरांत अशी नावं आहेत. आणि त्यातले निम्मे लोक माझ्याकडे सरदार-दरकदार शोधायला येतात."

"मग हे पाद्री कॅप्टनचे भाऊ असतील!"

कॅप्टनची वंशावळ छापलेली होती. त्यात पाद्री एकही नव्हता.

"मग पाद्रीच बाप असतील!"

"बाळ चार महिन्यांचं आणि पाद्रींना इथे येऊन आठ दिवस झालेले. त्याआधी ते पार दक्षिणेला होते." पिरीबाईंनी त्या पानाची नक्कल तिच्या हातात दिली. "वाईट वाटून घेऊ नकोस हं."

मोरागला वाईट वाटत होतंच. बसमध्ये तिने तीनदा ठरवलं की 'काही सापडलं नाही' म्हणून सांगायचं. घरात पाऊल टाकलं तर आजोबांनी कागद लावायला भिंतीवर खिळा ठोकून ठेवला होता. वर जुन्या फोटोची चौकटही पुसून तयार!

खोटं बोलणं तिथेच राहिलं. तिने नक्कल काढली आणि सगळं वाचलं, एकही ओळ न गाळता.

आजोबांनी पुसलेली चौकट पुन्हा एकदा पुसली. आत्याने टोमणा मारला नाही.

"साठ वर्षं," आजोबा शेवटी म्हणाले, "साठ वर्षं मी त्या दगडाला टोपी काढतोय."

"सॉरी, आजोबा."

"तू कशाला सॉरी? ते पुन्हा वाच बघू. तिला विचारलं ते."

मोरागने वाचलं. सांगत नाही. सांगत नाही. सांगत नाही.

आत्या ओटकेकला लोणी लावत होती. मान वर न करता लावतच राहिली. तेवढ्यात किटली वाजली. मोरागने श्वास रोखला. आजोबांनी आत्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं.

"साखर घे," ते म्हणाले, आणि भांडं तिच्याकडे सरकवलं.

मग उठून त्यांनी ती नक्कल चौकटीत बसवली आणि खिळ्याला टांगली.

सोमवारी मोराग शर्यतीच्या होडीत बसली. रक्तात बर्फबिर्फ काही नाही, हे आता पक्कं ठाऊक होतं. पण तीनदा बोलावूनही तोंड न उघडणारी कुणीतरी रक्तात होती. तिने वल्हं घट्ट धरलं.

अकरा दिवसांनी घरीच आत्याला मुलगी झाली. गावात नुकतीच आलेली पोलंडची सुईण सकाळपासून तिच्याजवळ होती. आजोबा आणि मोराग आत गेले तेव्हा बाळ गाजरासारखं लाल होऊन रडत होतं.

"बाबा," आत्या थकलेल्या आवाजात म्हणाली, "ठेवूया हवं तर डॅलगार्न."

"कशाला? तो काय आपला लागतो?" आजोबा सुईणीकडे वळले. "बाई, तुमचं या गावातलं हे कितवं बाळ?"

"पहिलंच."

आजोबांनी टोपी काढली. "नाव काय तुमचं?"

"अग्नियेश्का."

"अग... अग्नि... परत सांगा."

आत्या हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मोरागने तर टाळ्याच वाजवल्या.

त्या संध्याकाळी घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर मोरागने सुवाच्य अक्षरात लिहिलं : इझोबेल अग्नियेश्का गेडिस. शेजारी आजोबा तोंडातल्या तोंडात नाव घोकत होते. अजून जमत नव्हतं.

"हे नाव का ठेवलं तेही खाली लिहिते," मोराग म्हणाली. "नाहीतर दोनशे वर्षांनी कुणीतरी पोलंडची राणी शोधत बसेल."

आजोबांनी तिच्या हातातून हळूच पेन काढून घेतलं.

"बसू दे की," ते म्हणाले. "तुला मजा नाही आली?"