तळघरातल्या रेघा

चाळीस वर्षं गवंडीकाम करून थापी खाली ठेवलेल्या बापाला लेकीने भेट काय द्यावी, तर डोंगरमाथ्यावरच्या जुन्या किल्ल्यात दोन दिवसांचा मुक्काम! "म्हणजे पुन्हा भिंतीच बघायच्या," बायको हसली. पण खोलीत शिरल्याबरोबर खिडकीशी हात लावून भिंतीची जाडी मापली ती तिनेच.

दुपारी गाईडबाई पाहुण्यांना किल्ला दाखवायला निघाल्या. बाई मोठ्या रंगवून सांगायच्या. तळघरात त्यांनी आवाज खाली आणला. "ही कैद्याची कोठडी. रोज एक रेघ, अशी सात वर्षं मोजली त्याने."

लोक हळहळले. गवंड्याने मात्र रेघांवरून बोट फिरवलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. सगळ्या रेघा एका बाजूला तिरप्या, एकसारख्या खोल.

फेरी संपल्यावर त्याने बाईंना गाठलं. "रागावू नका, पण हे छिन्नीचे घाव आहेत. गिलावा पक्का धरावा म्हणून आम्हीही असेच मारतो."

बाईंचा चेहराच उतरला. "काका, अकरा वर्षं सांगतेय मी ही गोष्ट!" मग त्याच थबकल्या. "पण कोठडीला गिलावा कोण कशाला करेल?"

"तेच तर डोक्यात घोळतंय."

बायकोलाही बोलावून तिघं बॅटरी घेऊन पुन्हा खाली उतरले. कोपऱ्यांत चुन्याचा जुना थर तग धरून होता, आणि एकही कोपरा काटकोनी नव्हता. सगळ्यांना गोलाई दिलेली. गवंड्याचे डोळे लकाकले. असे कोपरे त्याने जन्मभर एकाच कामाला केले होते.

"अहो, वर बघा!" बायको ओरडली. छताखाली भाजक्या मातीच्या नळाचं तोंड होतं.

"टाकी!" गवंडी म्हणाला. "छपरावरचं पाणी इथे साठत असणार."

बाई मटकन पायरीवर बसल्या. आणि मग खो खो हसत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहुण्यांना आधी कैदी सांगितला, मग टाकी, आणि गोल कोपरे दाखवायला गवंड्याला पुढे केलं. भीतभीत बोलायला लागलेला गवंडी मग अर्धा तास थांबेना.

"मग कैद्यांना ठेवायचे कुठे?" एका म्हातारीने विचारलं.

बाईंनी गवंड्याकडे पाहिलं. गवंड्याने बायकोकडे. ती केव्हाच पलीकडच्या दाराची कडी ओढून बघत होती.